परसातलं बिऱ्हाड

कोंबडी मोकळी सोडली की कधी ना कधी कुणीतरी ती नेणार, हे मान्य करूनच आम्ही रोज सकाळी खुराड्याची फळी काढतो. मुंगूस असतं, गल्लीतला बोका असतो, पिल्लांवर घारी आणि कावळे टपलेले असतात. खाडीकडच्या कांदळवनात कोल्हे आहेत, तेही कधीमधी वस्तीकडे येतात. कोंबड्या जाळीत कोंडून ठेवल्या तर यातलं काहीच होणार नाही. तरी आमच्या घरात त्या मोकळ्याच फिरतात आणि तशाच फिराव्यात असं माझं ठाम मत आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा हे मत माझं नव्हतं. ते इथे, या परसात तयार झालं.

घणसोली गावठाणात आमचं घर आहे. पुढून दोन मजली, सिमेंटचं, गल्लीला लागून. मागे मात्र अजून माती शिल्लक आहे. एक शेवगा, एक नारळ, मोरीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, कोपऱ्यात विटांवर उभं केलेलं लाकडी खुराडं आणि शेवटी कुंपणाची भिंत. भिंतीपलीकडे सेक्टर सुरू होतो. सिडको 1970 साली स्थापन झाली, आणि ठाणे-रायगडमधल्या 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. त्यात आमच्या घरची शेतीही गेली. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घरामागून खाडीपर्यंत भातशेती होती आणि त्यापुढे मिठागरं. कोंबड्यांना दाणे विकत आणून घालायचे ही कल्पनाच त्या वेळी नव्हती. मळणी झाली की खळ्यावर सांडलेल्या भातावर त्यांचे दिवसच्या दिवस निघत. आता आम्ही वाण्याकडून कणी आणतो आणि अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी पोत्यातलं खाद्य. शेती गेली, मग गुरं गेली, गुरांपाठोपाठ गोठा गेला. कोंबड्या तेवढ्या राहिल्या, कारण त्यांना जागा थोडी लागते.

सकाळी फळी काढली की सगळ्या एकदम बाहेर येत नाहीत. आधी थोरली तांबडी येते, मग काळी, मग बाकीच्या, आणि सगळ्यांत शेवटी भिंगरी. भिंगरीची पिसं जन्मापासून उलटी वळलेली आहेत, त्यामुळे ती कायम वाऱ्यात उभी असल्यासारखी दिसते. हे नाव माझ्या लेकीनं ठेवलं. दाणे टाकले की हाच क्रम पुन्हा दिसतो. तांबडीच्या तोंडापुढचा दाणा भिंगरीनं उचलला तर डोक्यात टोच ठरलेली. थॉर्लेफ शेल्डरुप-एब्बे हा नॉर्वेचा माणूस लहानपणापासून कोंबड्या बघत आला होता, आणि कुणी कुणाला टोचायचं याची कोंबड्यांमध्ये उतरंड असते हे त्यानं 1921 मध्ये मांडलं. हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात दाणे दोन ठिकाणी टाकायला शिकवलं होतं, एक मूठ खुराड्यापाशी आणि दुसरी लांब शेवग्याखाली. तांबडी एका वेळी एकाच जागी असू शकते, त्यामुळे भिंगरीचंही पोट भरतं.

मला विचाराल तर कोंबड्यांचं सगळ्यांत मोठं सुख धुळीत असतं. उन्हं वर आली की त्या शेवग्याखालच्या भुसभुशीत मातीत खड्डा करतात, कुशीवर पडतात, पायांनी माती उडवून पंखांखाली घेतात आणि डोळे मिटून तशाच राहतात. पिसांतल्या उवा त्या धुळीनं जातात. त्यासाठीच आम्ही तिथे चुलीतली राख मिसळतो. आमच्याकडे चूल आता नाही, पण पलीकडच्या काकींकडे अंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं, त्या घमेलंभर राख ठेवून देतात. मी कामावर निघण्याआधी पाच मिनिटं मागच्या पायरीवर चहा घेऊन बसते ते त्यांची ही अंघोळ बघायला. एकीनं अंग झाडलं की दुसरीच्या अंगावर धूळ उडते आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही. ट्रान्सहार्बरची गाडी एखादी चुकली तरी मला चालते.

अंड्यांचा आनंद वेगळा. तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, पहिल्यांदा अंड्यावर आली की आधी तुरा लाल होतो, मग ती अस्वस्थ होऊन घरभर जागा शोधत फिरते. एकदा एकीनं कपाटाखालच्या चपलांमध्ये घातलं होतं. पहिलं अंडं लहान असतं, कधी त्यावर रक्ताचा पुसट ओघळ असतो, आणि हातात घेतलं की चांगलं गरम लागतं. घालून झालं की ती परसभर ओरडत हिंडते आणि बाकीच्या तिला साथ देतात. अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून घालायची वेळ रोज जरा पुढे सरकते आणि मग एक दिवस खाडा पडतो. थंडीत दिवस लहान झाला की अंडी कमी होतात. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, त्यापेक्षा फार नाही. तेवढ्या हिशेबावर कुणी कोंबड्या पाळू नयेत. आमची अंडी विकली जात नाहीत. गल्लीत कुणी बाळंतीण असेल, कुणाचं म्हातारं माणूस आजारी असेल, तिथे जातात, उरली तर आमच्या ताटात.

कवच मऊ येऊ लागलं तर सासूबाई शिवल्यांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, टरफलं कुटून घालतात. आमच्याकडे शिवल्यांचं कालवण झालं की टरफलं टाकायची नाहीत, उन्हात वाळवायची आणि वरवंट्यानं ठेचायची. सुका जवळाही थोडा घालतात, पण थोडाच. जास्त घातला की अंड्याला म्हावऱ्याचा वास येतो आणि लेक ताट सरकवते.

आता सरदारविषयी. सरदार म्हणजे आमचा कोंबडा, मानेवर सोनेरी पिसं, शेपूट हिरवट काळी. किडा सापडला तर तो स्वतः खायचा नाही. चोचीत उचलून पुन्हा खाली टाकायचा, गळ्यातून कुडकुड आवाज काढायचा आणि कोंबड्या धावत यायच्या. त्याचे धोक्याचे आवाजही दोन होते. वर घार दिसली की एक लांब, बारीक शीळ. ती ऐकली की सगळ्या जागच्या जागी दबायच्या किंवा अळूत शिरायच्या. जमिनीवरून काही आलं की मोठ्यानं कटकटकट, आणि मग सगळ्या माना वर करून उभ्या. संशोधकांनीही कोंबड्यांच्या बाबतीत हेच नोंदवलं आहे, की आकाशातल्या आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी त्यांचे इशारे वेगवेगळे असतात. घार बघायला कोंबडी डोकं तिरकं करते आणि एकच डोळा आभाळाला लावते. मी तसं करताना बघितलं की मीही वर बघते, आणि दर वेळी वर खरोखर काहीतरी असतं. घार नसली तर विमान असतं.

सरदार पहाटे चारला आरवायचा. भिंतीपलीकडच्या सोसायटीतून तक्रार आली. एक गृहस्थ स्वतः आले, नीट बोलले. घरात तान्हं बाळ होतं, झोपमोड होत होती. कोंबडा उजेड बघून आरवतो असं त्यांना वाटत होतं, म्हणून खुराड्यावर गोणपाट टाकायला सांगत होते. पण कोंबड्याचं घड्याळ त्याच्या अंगातच असतं. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये कोंबड्यांना मंद, एकसारख्या उजेडात ठेवून हे दाखवलं. पहाट न दिसताही ते पहाटेच्या सुमाराला आरवत राहिले. गोणपाट टाकून पाहिला, फरक पडला नाही. शेवटी सरदारला दिवाळे गावात माझ्या मावशीकडे नेऊन सोडलं. तिथे कोळीवाड्यात त्याच्या आवाजाचं कुणाला काही नव्हतं. रिक्षात तो डालग्याखाली अगदी गप्प बसून होता. लेक घरी थांबली, आली नाही.

कोंबडा गेल्यावर परसात काय बदलतं ते आधी कळत नाही. अंडी येत राहतात, फक्त ती फळत नाहीत. दाण्यावरून भांडणं वाढतात. आणि पहाऱ्याला कुणी उरत नाही.

मुंगूस आलं ती दुपारची वेळ होती, रविवार. मी आत तांदूळ निवडत होते. एकदाच ओरडा झाला आणि लगेच शांत. मागे गेले तर अळूत काळी पडलेली, मानेशी दोन बारीक छिद्रं, बाकी अंगावर खूणसुद्धा नाही. पंख अजून गरम होता. भिंतीच्या कडेला दुसरी, तिच्यापुढे आणखी एक तलंग, जी त्याच आठवड्यात अंड्यावर आली होती. मुंगूस खायला लागतं त्याहून जास्त मारतं. भिंतीवर एक पीस अडकलं होतं आणि ते सुटायलाच तयार नव्हतं, मी उगाच कितीतरी वेळ ते सोडवत बसले. सासूबाई आल्या, तिघींना पदरात घेतलं आणि नारळाच्या बुंध्याशी खड्डा करायला सांगितलं. त्या रडल्या नाहीत. संध्याकाळी मात्र रोजच्यासारखी दाण्याची मूठ भरली आणि त्यातली निम्मी परत डब्यात टाकली.

नवऱ्यानं पुढच्या आठवड्यात लोखंडी चौकट आणि बारीक जाळी आणली. चांगला प्रशस्त पिंजरा केला, वर पत्रा, खाली फरशी. मुंगसाला शिरायला जागा ठेवली नाही. उरलेल्या कोंबड्या आत गेल्या. काही आठवडे कुणी मेलं नाही, कुणाला काही झालं नाही, आणि तरी बघवेना. फरशीवर उकरायला काही नसतं. त्या उकरायच्या, नखं घासायची, पुन्हा उकरायच्या. मग एकमेकींची पिसं उपटू लागल्या. भिंगरीची पाठ उघडी पडली, कातडी लालभडक. जागा अपुरी पडली किंवा उकरायला, टोचायला काही नसलं की कोंबड्या असं करतात, हे पोल्ट्रीवाल्या कुणालाही ठाऊक असतं. तिथे चोची कापतात. सासूबाईंनी एका सकाळी पिंजऱ्याची कडी काढली आणि दार उघडं टाकून आत निघून गेल्या. नवरा म्हणाला, “आई, मुंगूस परत येईल.” त्या म्हणाल्या, “येल तं येल. कोंडून घातलेली कोंबरी ती काय कोंबरी? माती उकरू दे तिला.”

भिंगरी सगळ्यांत आधी बाहेर आली. सरळ शेवग्याखाली गेली आणि त्या उघड्या पाठीसकट धुळीत लोळली. त्या क्षणी माझं मत कायमचं ठरलं. जगायला मिळालेले दिवस उन्हात, मातीत, एकमेकींच्या संगतीत जाणार असतील तर धोका त्या दिवसांच्या पोटातच आहे. आम्ही तो कमी करू शकतो. रात्री खुराडं नीट बंद करतो, तळाला जाळी ठोकली आहे, भिंतीतली भोकं बुजवली, दुपारी घरात कुणी नसेल तर कोंबड्या पिंजऱ्यात आणि कुणी असेल तर बाहेर. पिंजरा आता अर्ध्या दिवसाचा झाला. फरशी काढून माती भरली.

मुंगसापेक्षा मोठी भीती आजाराची. सासूबाई मर म्हणतात, इतर ठिकाणी मानमोडी म्हणतात, डॉक्टर राणीखेत म्हणतात, कारण 1920च्या दशकात भारतात तो उत्तराखंडातल्या राणीखेतला आढळला. हिरवट शेण, धापा, वाकडी झालेली मान, आणि दोन-तीन दिवसांत अख्खं खुराडं रिकामं. त्यावर औषध नाही, लसच आहे. सासूबाईंच्या आठवणीत असा एक उन्हाळा आहे की गावात सकाळी कोंबडा आरवल्याचा आवाजच नव्हता. हे सांगताना त्या अजूनही मध्येच थांबतात. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटा या लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालायचा. अडचण अशी, की कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आमच्याकडे पिल्लं असतात दहा-बारा. म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवायचा. थर्मासमध्ये बर्फ आणि कुपी घेऊन मी घरोघर जाते. काकी पिल्लू मुठीत धरतात, मी थेंब टाकते, पिल्लू डोळा मिटतं, उघडतं, आणि थेंब आत गेला याची खात्री झाली की पुढचं. ज्या बायकांशी एरवी नळावर तेवढं बोलणं होतं, त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत मी याच निमित्तानं पोचले.

बर्ड फ्लूची गोष्ट निराळी. देशात तो पहिल्यांदा फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला होता, तो आम्हाला लांबचा वाटला. जानेवारी 2025 मध्ये उरणजवळ चिरनेरला आढळला तेव्हा मात्र झोप उडाली. बाधित ठिकाणापासून 1 किलोमीटरच्या टापूतले पक्षी नष्ट करायचे असा नियम आहे, आजारी असोत वा धडधाकट. नियम योग्यच आहे. पण चिरनेरमध्येही कुणाचं परस असेल, कुणी दाणे दोन ठिकाणी टाकत असेल, हे डोक्यातून जाईना.

आम्ही कोंबड्या खातो. हेही सांगायला हवं, नाहीतर वरचं सगळं खोटं ठरेल. आगरी घरात गावदेवीला कोंबडा असतो, आषाढात श्रावण लागायच्या आधी असतो, पाहुण्याला असतो. पण आमच्या घरी एक रीत आहे, परसातला कोंबडा परसवाल्यांनी खायचा नाही. काकींचा आमच्याकडे येतो, आमचा त्यांच्याकडे जातो. दोन्ही घरांत त्या दिवशी जेवण जरा गप्पगप्प होतं, आणि दोन्ही घरांना माहीत असतं का ते. मला ही रीत फार मोलाची वाटते. ज्याला वाढवलं त्याचा जीव जातो हे ती लपवत नाही, फक्त ताटातल्या घासाला नाव राहत नाही. लेक मात्र त्या दिवशी डाळभात खाते. तिला कुणी आग्रह करत नाही.

गेल्या पावसाळ्यात तांबडी खुडूक बसली. अंडी फळणारी नव्हती, म्हणून मावशीकडून आणली, सरदारच्याच कोंबड्यांची. टोपलीत भाताचा पेंढा, त्यावर अंडी, आणि बाजूला लोखंडाचा एक खिळा. विजा कडाडल्या तर अंडी वाया जाऊ नयेत म्हणून सासूबाई तो ठेवतात. एकवीस दिवस ती बसते. दिवसातून एकदाच पंधरा-वीस मिनिटं उठते, घाईनं खाते, पाणी पिते आणि पुन्हा जागेवर. पोटावरची पिसं उपटून ती कातडीची ऊब थेट अंड्यांना देते. आठवड्यानं रात्री अंधारात आम्ही एकेक अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरलं. लाल शिरांचं बारीक जाळं आणि मधोमध एक ठिपका, हलणारा. लेकीनं श्वास रोखून धरला होता. दोन अंडी नुसती पिवळी दिसली, ती बाजूला काढली.

निघायच्या आदल्या दिवशी पिल्लं कवचातूनच बोलतात आणि कोंबडी त्यांना उत्तर देते. हे मी कानानं ऐकलं आहे, टोपलीला कान लावून. बाहेर आल्यावर पहिले दोन दिवस त्यांना खायला लागत नाही, पोटातला बलक पुरतो. मग तांबडी त्यांना उकरायला शिकवते. एक पिल्लू कावळ्यानं नेलं. एक पावसात गारठून गेलं, लेकीनं ते ओढणीत गुंडाळून रात्रभर बल्बपाशी ठेवलं होतं. बाकीची जगली. त्यांत एक कोंबडा निघाला, सरदारची सोनेरी मान घेऊन. रात्री तो घरात, जिन्याखालच्या बुटक्या खोक्यात झोपतो. त्याला भोकं पाडली आहेत, पण मान पूर्ण ताणता येत नाही, त्यामुळे पहाटेचं आरवणं दबकं होतं आणि भिंतीपलीकडे फारसं जात नाही. साडेसहाला त्याला बाहेर काढतो. सोसायटीतले ते गृहस्थ आता रविवारी बाळाला कडेवर घेऊन भिंतीपाशी येतात. कोंबड्या दाखवायला.

मुंगूसही येतं. भिंतीवरून पळताना मी त्याला दोनदा पाहिलं. नव्या कोंबड्यानं त्या वेळी कटकट केली आणि सगळ्या अळूत शिरल्या. दीर परसावर एक खोली वाढवावी म्हणतात, तो विषय अजून मिटलेला नाही, सासूबाईंनी तूर्त नाही म्हटलं आहे.

सध्या काळीची धाकटी बहीण खुडूक आहे. या वेळी अंडी आमचीच. शनिवारी पिल्लं निघतील, म्हणजे पुढच्या शुक्रवारपर्यंत लस व्हायला हवी. काकींची पिल्लं चार दिवसांनी मोठी असतील, त्यांना थांबायला सांगितलं आहे. कोपऱ्यावरच्या वहिनींनी नुकतीच कोंबडी बसवली, त्यांना या खेपेला जमणार नाही. थर्मास मात्र त्यांचाच आणायचा आहे, आमच्याचं झाकण गळतं.